पेनड्राईव्हवरून विंडोज किंवा लिनक्स सुरूच होत नाही? गाडी नेमकी कुठे अडते ते असं शोधा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. तेव्हापासून घरातल्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ टाकायची की लिनक्स, हा प्रश्न बऱ्याच जणांपुढे आहे. व्हिडिओ बघून पेनड्राईव्ह तयार होतो, लॅपटॉपला लागतो, आणि पुढे काहीच होत नाही. एकतर जुनीच विंडोज चालू होते, नाहीतर काळ्या स्क्रीनवर एक रेघ लुकलुकत बसते.

शहरात अशा वेळी दोन गल्ल्या सोडून दुरुस्तीचं दुकान सापडतं. जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावर, म्हणजे आणे, नळवणे, पेमदरा अशा गावांत राहणाऱ्याला लॅपटॉप दाखवायचा तर घाट उतरून आळेफाटा गाठावं लागतं. जाण्या-येण्याचा खर्च, मोडलेला दिवस आणि वर दुकानाचे पैसे. त्यातही ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असं उत्तर मिळालं आणि आपण घाईत हो म्हणून बसलो, तर डिस्कमधले फोटो आणि नोट्स कायमच्या गेल्या. आणि बऱ्याचदा मूळ अडचण एवढीच असते की पेनड्राईव्ह चुकीच्या पद्धतीने बनवलेला असतो.

म्हणून हा लेख फोनवर उघडा, लॅपटॉप समोर ठेवा आणि एकेक टप्पा तपासत चला. लॅपटॉपच्या स्क्रीनवर संदेश इंग्रजीत येतील. इथे ते तसेच, पण मराठी लिपीत लिहिले आहेत.

आधी हे समजून घ्या: ही एक साखळी आहे

‘यूएसबी बूट होत नाही’ ही एक तक्रार वाटते, पण तिच्यामागे सहा वेगवेगळ्या जागा असू शकतात:

१. डाउनलोड केलेली आयएसओ फाईल
२. त्या फाईलवरून बनवलेला पेनड्राईव्ह
३. लॅपटॉपचा पोर्ट आणि बूट मेनू
४. बूट मोड, म्हणजे जुनी पद्धत की नवी
५. सिक्युअर बूटची परवानगी
६. खुद्द इन्स्टॉलर आणि तुमच्या मशीनची ताकद

आणे गावच्या रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीची पंगत बसते. समजा एखाद्या ओळीत आमटी पोचलीच नाही. मग ती कढईत शिजली नाही, वाढप्यापर्यंत आली नाही, की वाढपी ती ओळ विसरला? हे न बघता कढईखालचा जाळ वाढवून काय उपयोग? इथेही तसंच आहे. लॅपटॉप कुठल्या टप्प्यावर थांबला ते स्क्रीनवरून ओळखायचं आणि तेवढाच टप्पा दुरुस्त करायचा. बायोसमधली पाच सेटिंग एकदम बदलली, तर कशाने काम झालं ते कळत नाही आणि कशाने बिघडलं तेही कळत नाही. एका वेळी एकच बदल, हा या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा नियम.

हात लावण्याआधी चार कामं

पहिलं काम बॅकअपचं. सातबारा महाभूलेखवरून पुन्हा काढता येतो, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये मिळू शकते, पण घरातल्या लग्नाचे फोटो पुन्हा कुठूनही मिळणार नाहीत. जुनी विंडोज अजून चालू होत असेल तर आजच महत्त्वाच्या फाईल्स दुसऱ्या पेनड्राईव्हवर किंवा फोनमध्ये घ्या. ज्या पेनड्राईव्हवर इन्स्टॉलर बनवणार, त्यावरचं सगळं पुसलं जातं हेही लक्षात ठेवा.

दुसरं, बिटलॉकर. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद केलेली असते. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ शोधा. ते चालू असेल आणि तुम्ही सिक्युअर बूट बंद केलं, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. ही की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. फोनवरून त्या खात्यात लॉगिन करा, की दिसतेय का बघा आणि वहीत उतरवून ठेवा. की नसेल तर डिस्कमधला डेटा कुणालाच उघडता येणार नाही, दुकानदारालाही नाही.

तिसरं, फोटो. बायोसमध्ये शिरल्यावर प्रत्येक पानाचा फोनने फोटो काढा. काही बिघडलं तर पूर्वी काय होतं ते समोर असेल.

चौथं, वीज. लॅपटॉपची बॅटरी खराब असेल आणि गावात लाईट जात-येत असेल, तर लाईट टिकण्याची वेळ बघून काम करा. बायोस अपडेट करण्याच्या फंदात तर अशा वेळी पडूच नका. अपडेट अर्धवट राहिलं तर मशीन चालूच होणार नाही अशी वेळ येऊ शकते.

पाच मिनिटांची चाचणी: अर्धी अडचण इथेच कळते

मित्राचा, शाळेचा किंवा शेजारचा एखादा चालू लॅपटॉप थोडा वेळ मागा. त्याला तुमचा पेनड्राईव्ह लावा आणि बूट मेनूतून तो निवडा.

• तिथे इन्स्टॉलरची पहिली स्क्रीन आली: आयएसओ आणि पेनड्राईव्ह दोन्ही बहुधा ठीक आहेत. अडचण तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे. थेट टप्पा ३ वर जा.
• तिथेही काही आलं नाही: तुमच्या लॅपटॉपला दोष देऊ नका. टप्पा १ आणि २ तपासा.

पहिली स्क्रीन आली की पॉवर बटण दाबून बंद करा आणि पेनड्राईव्ह काढून घ्या. भाषा निवडायची स्क्रीन नुसती दिसल्याने त्या लॅपटॉपमधलं काहीही पुसलं जात नाही. मात्र पुढे ‘इन्स्टॉल’ दाबू नका. आणि त्या लॅपटॉपचं बायोस सेटिंग बदलायचं नाही, नाहीतर मैत्री जाईल.

टप्पा १: आयएसओ फाईल पूर्ण आली का?

विंडोज ११ ची आयएसओ ५ जीबीच्या पुढे जाते. लिनक्स मिंटची सुमारे ३ जीबी असते. रोजच्या १.५ किंवा २ जीबी डेटावर ही फाईल एका दमात येत नाही. डाउनलोड मध्ये तुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि कधीकधी अर्धीच फाईल ‘पूर्ण झाली’ म्हणून दिसते.

फोनवर डाउनलोड करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. फोनमधली ३२ जीबीपर्यंतची मेमरी कार्ड सहसा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असतात आणि फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही. कार्डात २० जीबी जागा रिकामी असली तरी डाउनलोड ४ जीबीजवळ येऊन अडतं. अशा वेळी फाईल कार्डाऐवजी फोनच्या अंतर्गत मेमरीत सेव्ह करा.

तपासायचं कसं? वेबसाइटवर दिलेला फाईलचा आकार आणि तुमच्याकडचा आकार जुळतो का बघा. याहून खात्रीची पद्धत म्हणजे चेकसम. हा फाईलचा अंगठ्याचा ठसाच समजा. फाईलमध्ये एक अक्षर जरी बदललं तरी ठसा पूर्ण बदलतो. विंडोजवरच्या रूफस या मोफत प्रोग्रॅममध्ये आयएसओ निवडली की शेजारच्या टिकमार्कच्या बटणावर चेकसम काढता येतो. त्यातला ‘एसएचए२५६’ हा आकडा वेबसाइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. सगळा नाही तर निदान पहिली आणि शेवटची आठ-आठ अक्षरं बघा. जुळला नाही तर फाईल खराब आहे, पुन्हा डाउनलोड करण्यावाचून इलाज नाही.

आणि आयएसओ फक्त अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या. टेलिग्रामवर मिळणाऱ्या ‘लाइट’ किंवा ‘ॲक्टिव्हेटेड’ विंडोजमध्ये आत काय भरलंय हे कुणालाच माहीत नसतं. त्याच लॅपटॉपवर तुम्ही उद्या बँकेचा पासवर्ड टाकणार आहात.

टप्पा २: पेनड्राईव्ह नुसता भरलाय की बूटेबल केलाय?

सगळ्यात जास्त होणारी चूक ही आहे: आयएसओ फाईल पेनड्राईव्हवर कॉपी-पेस्ट केली आणि झालं असं समजलं. लॅपटॉप चालू होताना आयएसओच्या आत डोकावत नाही. त्याला पेनड्राईव्हवर ठरलेल्या जागी ठरलेली फाईल लागते. नव्या पद्धतीच्या मशीनवर ती ‘ईएफआय’ फोल्डरमधल्या ‘बूट’ फोल्डरमध्ये असते. ती जागेवर नसेल तर मशीनच्या दृष्टीने तो पेनड्राईव्ह म्हणजे गाणी भरलेल्या पेनड्राईव्हसारखाच.

विंडोजसाठी: मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल किंवा रूफस वापरा. विंडोजच्या आयएसओमध्ये ‘इन्स्टॉल.विम’ नावाची एक मोठी फाईल असते आणि ती बऱ्याचदा ४ जीबीपेक्षा मोठी भरते. म्हणजे पुन्हा तीच फॅट३२ ची अडचण. हाताने फाईल्स कॉपी करणारे इथेच अडकतात. रूफस यातून स्वतःच वाट काढतं.

लिनक्ससाठी: रूफस किंवा बलेना एचर चालतं. लिनक्सच्या बहुतेक आयएसओ अशा बनवलेल्या असतात की त्या जशाच्या तशा पेनड्राईव्हवर उतरवल्या तरी बूट होतात. विंडोजच्या आयएसओचं तसं नाही. म्हणूनच एचरने बनवलेला विंडोजचा पेनड्राईव्ह सहसा बूट होत नाही.

घरात दुसरा संगणकच नसेल तर: अँड्रॉइड फोनवरून ओटीजी केबल लावून एचड्रॉइड या मोफत ॲपने लिनक्सचा पेनड्राईव्ह बनवता येतो. फोन रूट करावा लागत नाही. आधी फोन पूर्ण चार्ज करा. आणि वरच्याच कारणामुळे हे ॲप लिनक्ससाठी वापरा, विंडोजसाठी नको.

लिनक्सचा पेनड्राईव्ह बनवून विंडोजला लावला की कधीकधी ‘हा ड्राईव्ह फॉरमॅट करायचा का?’ असा प्रश्न येतो, किंवा १६ जीबीचा पेनड्राईव्ह अगदी छोटा दिसतो. हे बिघाडाचं लक्षण नाही. विंडोजला ती रचना वाचता येत नाही एवढंच. तिथे फॉरमॅट दाबलं की केलेली सगळी मेहनत वाया.

पेनड्राईव्ह खोटा तर नाही ना? स्वस्तात मिळणारे ‘१ टीबी’चे काही पेनड्राईव्ह प्रत्यक्षात खूपच कमी जागेचे असतात. कॉपी होताना सगळं नीट दिसतं, पण आत फाईल्स एकमेकींवर लिहिल्या जातात. एचटूटेस्टडब्ल्यू हा छोटा मोफत प्रोग्रॅम पेनड्राईव्ह पूर्ण भरून पुन्हा वाचून बघतो आणि खरी जागा सांगतो. आपल्याला ८ किंवा १६ जीबीचा चांगल्या कंपनीचा साधा पेनड्राईव्ह पुरतो.

टप्पा ३: बूट मेनूमध्ये पेनड्राईव्ह दिसतच नाही

लॅपटॉप चालू करताना ठराविक बटण टकटक दाबत राहिलं की बूट मेनू येतो. कंपनीप्रमाणे बटण बदलतं:

• एचपी: एस्केप, मग एफ९
• डेल: एफ१२
• लेनोव्हो: एफ१२, किंवा बाजूच्या बारीक छिद्रातलं नोव्हो बटण
• एसर: एफ१२, पण आधी एफ२ ने बायोसमध्ये जाऊन ‘एफ१२ बूट मेनू’ चालू करावा लागू शकतो
• असूस लॅपटॉप: एस्केप
• डेस्कटॉपचे मदरबोर्ड: गिगाबाइट एफ१२, असूस एफ८, एमएसआय आणि एएसरॉक एफ११

काही लॅपटॉपवर एफ बटणांसोबत ‘एफएन’ही दाबावं लागतं.

कितीही दाबलं तरी मेनू येत नसेल तर कारण बहुधा फास्ट स्टार्टअप असतं. विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केलं तरी मशीन पुरतं बंद होत नाही, थोडं झोपेत जातं. पुढच्या वेळी ते इतकं झटकन उठतं की बटण दाबायला वेळच मिळत नाही. यावर सोपा उपाय: विंडोजमध्ये शिफ्ट दाबून धरा आणि ‘रीस्टार्ट’वर क्लिक करा. निळी स्क्रीन येईल. त्यात ‘यूज अ डिव्हाइस’ दिसलं तर तिथूनच पेनड्राईव्ह निवडता येतो. ट्रबलशूटच्या प्रगत पर्यायांमधून थेट बायोसमध्येही जाता येतं.

मेनू आला पण पेनड्राईव्ह नाही, तर या क्रमाने बघा:

• पोर्ट बदला. जुन्या काही मशीनमध्ये निळा, म्हणजे यूएसबी ३ चा पोर्ट विंडोज सुरू झाल्यावरच जागा होतो. काळा पोर्ट वापरून बघा. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा.
• मधला यूएसबी हब काढा.
• पेनड्राईव्ह आधी लावा, मग लॅपटॉप चालू करा.
• बायोसमध्ये ‘यूएसबी बूट’ बंद केलेलं आहे का बघा.
• दुसरा पेनड्राईव्ह लावून बघा. एखाद्या मशीनचं एखाद्या पेनड्राईव्हशी जमतच नाही.

जुना डेस्कटॉप प्रत्येक वेळी चुकीची तारीख दाखवत असेल आणि बायोसमध्ये केलेले बदल विसरत असेल, तर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल संपला आहे. बहुतेक बोर्डांवर सीआर२०३२ नंबरचा सेल असतो आणि तो घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तो बदलल्याशिवाय बायोसमधली कुठलीच मेहनत टिकणार नाही.

ऑफिसमधून निघालेला जुना लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी एक सूचना. अशा मशीनच्या बायोसला कधीकधी कंपनीचा पासवर्ड असतो आणि यूएसबी बूट बंद केलेलं असतं. विकत घेतानाच दुकानात बायोस उघडून दाखवायला सांगा. घरी आणल्यावर तो पासवर्ड कुणी सांगत नाही.

टप्पा ४: दिसतो, पण निवडल्यावर काळी स्क्रीन किंवा ‘नो बूटेबल डिव्हाइस’

इथे मोडचा घोळ असण्याची शक्यता जास्त. संगणक चालू होण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी पद्धत बायोस, जिला सेटिंगमध्ये ‘लेगसी’ किंवा ‘सीएसएम’ म्हणतात. नवी पद्धत यूईएफआय. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून बाजारातले बहुतेक लॅपटॉप यूईएफआयचे आहेत. त्याआधीच्या मशीनवर बऱ्याचदा फक्त लेगसी असतं.

पेनड्राईव्हही त्यानुसारच बनवावा लागतो. रूफसमध्ये ‘पार्टिशन स्कीम’ असा पर्याय असतो:

• नवं मशीन: जीपीटी आणि यूईएफआय
• फक्त लेगसी असलेलं जुनं मशीन: एमबीआर आणि बायोस

सध्या तुमचं मशीन कुठल्या पद्धतीने चालतंय ते विंडोजमध्येच कळतं. स्टार्टमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ शोधा आणि ‘बायोस मोड’समोर काय लिहिलंय ते वाचा.

बूट मेनूमध्ये एकच पेनड्राईव्ह दोनदा दिसत असेल, एकदा नुसतं नाव आणि एकदा पुढे ‘यूईएफआय’ लावून, तर विंडोज ११ साठी यूईएफआय असलेली ओळ निवडा.

इथे एक धोका आहे. बायोसमध्ये लेगसी बदलून यूईएफआय केलं की डिस्कवरची जुनी विंडोज सुरू होत नाही आणि ‘सगळं उडालं’ असं वाटतं. घाबरू नका. डेटा जागेवरच आहे. मघाशी काढलेला फोटो बघा, सेटिंग पूर्ववत करा, जुनी विंडोज परत येईल.

इन्स्टॉलर पुढे जाऊन म्हणाला की डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे आणि विंडोजला जीपीटी लागतं, तर तोही मोडचाच घोळ. इंटरनेटवर यावर ‘सगळी पार्टिशन डिलीट करा’ असं सरळ सांगितलेलं दिसतं. त्याचा अर्थ डी ड्राईव्हसकट सगळं जाणार. बॅकअप झाला नसेल तर तिथेच थांबा. विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टचंच एमबीआर२जीपीटी नावाचं साधन आहे. ते डेटा न पुसता डिस्कचा प्रकार बदलू शकतं. पण तेही बॅकअप घेतल्यावरच चालवा.

टप्पा ५: ‘सिक्युअर बूट व्हायोलेशन’

सिक्युअर बूट म्हणजे दारावरचा राखणदार. ज्या बूट फाईलवर ओळखीची डिजिटल सही आहे, तिलाच तो आत सोडतो. विंडोजच्या अधिकृत इन्स्टॉलरवर ही सही असतेच. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांच्यावरही असते. म्हणून ‘लिनक्स टाकायचं तर आधी सिक्युअर बूट बंद करा’ हा सल्ला दरवेळी खरा नसतो. आधी ते चालू ठेवूनच प्रयत्न करा.

तरीही अडलं तर तीन शक्यता:

• आयएसओ जुनी आहे. धोकादायक ठरलेल्या जुन्या बूट फाईल्स रद्द होत असतात. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटनंतर अनेकांच्या मशीनवर जुनं लिनक्स ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ म्हणत थांबलं होतं. आधी नवी आयएसओ वापरून बघा.
• पेनड्राईव्ह व्हेंटॉयने बनवलाय. सिक्युअर बूट चालू असताना पहिल्या वेळी व्हेंटॉयची की मशीनमध्ये नोंदवावी लागते. त्यासाठी येणारी निळी स्क्रीन म्हणजे बिघाड नाही.
• तुमच्या लिनक्सवर सहीच नाही. मग सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागेल. बिटलॉकरची की वहीत आहे ना, ते आधी बघा. एसरच्या काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय पुसट दिसतो. बायोसला सुपरवायझर पासवर्ड दिला की तो बदलता येतो. हा पासवर्ड विसरू नका, काम झालं की काढून टाका.

टप्पा ६: इन्स्टॉलर सुरू होतो, पण मध्येच अडतो

इथपर्यंत आलात म्हणजे यूएसबी बूट झालं आहे. आता तक्रार वेगळी.

लोगो दिसतो आणि मशीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतं: विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये पॉपकाउंट आणि एसएसई ४.२ या सूचना असाव्याच लागतात. कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनमध्ये त्या नाहीत. यावर कुठलीही युक्ती चालत नाही. त्या मशीनसाठी हलकं लिनक्स हाच मार्ग.

‘धिस पीसी कान्ट रन विंडोज ११’: टीपीएम २.०, सिक्युअर बूट, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा किंवा प्रोसेसर यांपैकी काहीतरी कमी आहे. टीपीएम कधीकधी असतं, पण बायोसमध्ये बंद असतं. इंटेलच्या मशीनमध्ये ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या मशीनमध्ये ‘एफटीपीएम’ या नावाने शोधा. रूफस या अटी वगळून पेनड्राईव्ह बनवू शकतं, पण अशा मशीनला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

डिस्कच दिसत नाही: इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि विंडोजच्या इन्स्टॉलरला डिस्क दिसण्यासाठी वेगळा ड्रायव्हर लागतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उघडून पेनड्राईव्हवर ठेवा आणि ‘लोड ड्रायव्हर’ दाबा. बायोसमधून व्हीएमडी बंद केलं तरी डिस्क दिसू शकते, पण मग जुनी विंडोज सुरू होणार नाही.

लिनक्सची स्क्रीन काळी पडते: पहिल्या मेनूत ‘सेफ ग्राफिक्स’ किंवा ‘कॉम्पॅटिबिलिटी मोड’ असा पर्याय असतो, तो निवडा. बऱ्याचदा ग्राफिक्स कार्डाचा प्रश्न असतो.

इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट झालं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू: मशीन परत पेनड्राईव्हवरूनच बूट होतंय. पेनड्राईव्ह काढा, झालं.

स्क्रीनवर काय दिसतं त्यावरून थेट टप्पा

• दुसऱ्या मशीनवरही चालत नाही: टप्पा १ आणि २
• बूट मेनूच येत नाही, किंवा पेनड्राईव्ह यादीत नाही: टप्पा ३
• ‘नो बूटेबल डिव्हाइस’, ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’, लुकलुकणारी रेघ: आधी टप्पा २, मग ४
• ‘व्हायोलेशन’ हा शब्द असलेला संदेश: टप्पा ५
• लोगो किंवा भाषेची स्क्रीन दिसून मग अडलं: टप्पा ६

एवढं करूनही नाही झालं तर?

घाई कशाचीच नाही. विंडोज १० चालत असेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये जाऊन ईएसयू या योजनेत नाव नोंदवा. त्यात घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. तोवर मशीन वापरता येईल आणि शांतपणे बॅकअपही घेता येईल.

लिनक्सला कमी लेखू नका. बऱ्याच लिनक्समध्ये काहीही न पुसता पेनड्राईव्हवरूनच चालवून बघायची सोय असते. म्हणजे वायफाय, आवाज, कीबोर्ड सगळं चालतं का ते आधी पाहता येतं. मराठीत काम करायचं असेल तर डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठीही आहे.

आणि शेवटी दुकानात जावंच लागलं, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. बायोसचे फोटो, आलेल्या संदेशाचा फोटो आणि ‘हा पेनड्राईव्ह दुसऱ्या मशीनवर चालतो’ ही माहिती सोबत न्या. दुकानदाराला पहिलं वाक्य हे सांगा: डेटा पुसायचा नाही, आणि पुसावाच लागणार असेल तर आधी मला विचारायचं. तसं बिलावर किंवा पावतीवर लिहूनच घ्या.